अपघाताविना दिवस

बावीस वर्षं मी काहीच न घडलेले दिवस मोजत होते. त्याचा मला पगार मिळायचा.

आमच्या वीज कंपनीची अकरा धरणं होती आणि चौदा डेपो. प्रत्येकाच्या फाटकाशी एक पाटी, ‘अपघाताविना दिवस’, आणि खाली आकडा. सगळीकडे एकच आकडा. मुख्य कचेरीत रोज सकाळी आठला मी त्यात एक मिळवायची आणि तो पंचवीस फाटकांवर बदलायचा. कुठेही कुणी शिडीवरून पडलं की पंचवीसही ठिकाणी शून्य. हजार दिवस झाले की केक, तीन हजार झाले की जाकीट. एकाच्या चुकीने सगळ्यांचा केक जातो म्हटल्यावर लोक एकमेकांची काळजी घेतील, असा हिशेब होता. काळजी घेतलीही, पण आकड्याची. ठेचलेली बोटं खिशात घालून घरी गेलेले लोक मला माहीत आहेत.

माझ्या खोलीच्या दारावर ‘बदल व जोखीम विभाग’ असं लिहिलेलं होतं. कंपनीत काहीही बदलायचं ठरलं, की त्यातून काय काय बिघडू शकतं याची यादी मी करायची. प्रत्येक धोक्याला दोन आकडे: घडण्याची शक्यता एक ते पाच, आणि घडलंच तर किती वाईट, तेही एक ते पाच. दोन्हींचा गुणाकार. गुणाकार सहाच्या वर गेला तर वरिष्ठांपुढे चर्चा, नाहीतर यादीत नोंद आणि गप्प बसायचं. गुणाकार पाचवर कसा आणून ठेवायचा, हे आमच्याकडे नवा माणूस पहिल्या महिन्यात शिकायचा.

रेनो कांगासची आणि माझी ओळख फोनवरची. मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला स्टर्जन बेंड नावाचं आमचं धरण आहे. तिथल्या नियंत्रण खोलीत तो एकोणतीस वर्षं होता. फिनलंडहून आलेल्या खाणकामगारांचा नातू. बोलणं इतकं कमी की फोन कट झाला की काय असं वाटायचं. एका मे महिन्यात त्याचा अर्ज आला. आमच्याकडे ‘टळलेला अपघात’ असा एक छापील अर्ज असतो. त्यात त्याने चार ओळी लिहिल्या होत्या: ‘पाणी सोडायचा भोंगा वाजला. खडकावरचा म्हातारा हलला नाही. मी पाण्यात गेलो. आणला.’

मी तो अर्ज वाचला आणि घाबरले. म्हाताऱ्यासाठी नाही. त्या दिवशी आकडा होता दोन हजार नऊशे नव्वद. बाहेरच्या माणसाच्या जिवावर बेतलं तर टळलेला अपघातही अपघातच धरायचा, असा नियम होता. दहा दिवसांवर तीन हजार आले होते, आणि सातशे जाकिटं छातीवर ‘३०००’ असं भरतकाम करून माझ्या खोलीबाहेर खोक्यांत पडली होती.

मी त्याला फोन केला. “रेनो, तुमचा अर्ज मिळाला. माणूस ठीक आहे ना?”

“ठीक आहे. शिव्या देत होता. त्याचा मासा सुटला.”

“मग... म्हणजे तसं काही झालं नाहीच, नाही का?”

पलीकडे थर्मासचं झाकण फिरवल्याचा आवाज आला.

“सातशे माणसांची जाकिटं शिवून झालीत हो,” मी म्हणाले.

“फाडा मग,” तो म्हणाला. तो अर्जाबद्दल बोलत होता. मी अर्ज रद्द केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन हजार नऊशे एक्क्याण्णव केले.

त्यानंतर साडेतीन वर्षांनी स्टर्जन बेंड बिनमाणसाचं करायचं ठरलं. तिथला पाणी सोडायचा दरवाजा पाच तासांवरच्या मुख्य कचेरीतून, पडद्यावर बघून उघडायचा. कॅमेरे लागले, मोठा भोंगा लागला. माझ्या यादीत अठ्ठ्याण्णव धोके झाले. त्यातला एकाहत्तरावा: ‘दरवाजा उघडताना खालच्या पात्रात माणूस असणे.’ परिणाम पाच. मेला तर मेलाच, त्याला चार कसे देणार? शक्यतेसाठी मागचा इतिहास बघायचा असतो. मी बघितला. स्टर्जन बेंडला एकोणतीस वर्षांत एकही प्रसंग नाही. शक्यता एक. पाच एके पाच.

पेन खाली ठेवलं तेव्हा मला तो फाडलेला अर्ज आठवला. ती ओळ मी खोडली नाही, पण त्या रात्री जेवले नाही एवढं खरं.

निर्णय झाल्यावर माणसांचं म्हणणं ऐकून घ्यायची आमच्याकडे पद्धत आहे. वरातीमागून घोडं. ते घोडं हाकायचं काम माझं. ऑक्टोबरात मी डोनटचा खोका घेऊन वर गेले.

रेनो फाटकाशीच उभा होता. उंच, वाकलेला, हातात थर्मास. त्याने आधी खोक्याकडे बघितलं. “या मार्लिसबाई. डोनट आणलेत, म्हणजे ठरलंय.”

“तुमचं म्हणणं ऐकायला आलेय.”

“आत्ता नाही. पावणेबारा झालेत. चला माझ्याबरोबर.”

दक्षिणेकडच्या मुख्य कचेरीतून फोन आला की दरवाजा उघडायचा, आणि तो फोन बहुतेक अकरा ते एकच्या मध्ये यायचा. पण रेनो त्याआधी एक काम करायचा. तो खाली नदीच्या काठाने चालत जायचा. आम्ही उतरलो. बेटामागे नदी वळते तिथे, छातीपर्यंतची रबरी विजार घालून दोघेजण कमरेएवढ्या पाण्यात गळ टाकून उभे होते. कॅमेऱ्याच्या खांबावरून ते बेट दिसतं, बेटामागचं काही दिसत नाही.

“ए, चला वर!” रेनो ओरडला. “पाणी येतंय!”

“पाच मिनिटं, काका!”

“पाच मिनिटांनी तुझी टोपी खालच्या गावात मिळेल!”

ते कुरकुरत वर आले. मग रेनोने वर जाऊन, फोन आल्यावर, दरवाजा उघडला. भोंगा वाजला, चार मिनिटं गेली, आणि ते दोघे उभे होते तिथलं पाणी डोक्यावर गेलं. त्यांच्यातला एक माझ्याजवळ उभा राहून ते बघत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“पण भोंगा आहे ना?” वर आल्यावर मी रेनोला विचारलं. “तो तर दोन मैल ऐकू जातो.”

“आहे की. आमच्या गावच्या बंबखान्याचा भोंगापण आहे, रोज बाराला वाजतो. आवाज तोच. मासे मारायला आलेला माणूस भोंगा ऐकतो, घड्याळाकडे बघतो, आणि म्हणतो, बारा वाजले, सँडविच काढा.” तो हसला नाही. “आपले लोकसुद्धा. माझा सख्खा मेहुणा.”

नियंत्रण खोलीत त्याने पास्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, गरम केली आणि अर्धी माझ्यापुढे ठेवली. मग कपाटातून कॅलेंडरं काढली. हार्डवेअरच्या दुकानात फुकट मिळतात तसली, एकोणतीस. त्यांत काही तारखांवर पेन्सिलीने छोटा मासा काढलेला.

“हे काय?”

“त्या दिवशी कुणाला तरी वर काढलं. हाक मारून म्हणा, ओढून म्हणा.”

मी मोजले. जेवण निवत होतं तरी मोजत राहिले. तीनशे अकरा मासे.

“रेनो, तुम्ही यातलं काहीच कळवलं नाहीत?”

“एकदा कळवलं होतं,” तो म्हणाला, आणि पास्टी खायला लागला.

माझी मान वर होईना. तो बिचारा टोमणा मारत नव्हता, विचारलं त्याचं उत्तर देत होता. तेच जास्त लागलं.

“मला ही कॅलेंडरं द्या,” मी शेवटी म्हणाले. “बैठकीत ठेवते. पण नीट ऐका. एकोणतीस वर्षं न कळवल्याचं तुमच्यावर शेकेल. चार महिन्यांनी तुम्ही निवृत्त होताय. गप्प राहिलात तर केक कापून घरी जाल.”

त्याने हात पुसले. “माझ्यामागे कोण खाली जाणार?”

“कुणी नाही.”

“मग न्या की. केकचं काय एवढं.”

बैठकीला आमच्याकडे ‘हो-नाही’ म्हणतात. बारा खात्यांचे प्रमुख टेबलाभोवती, मी नावं वाचायची, प्रत्येकाने ‘हो’ म्हणायचं. ‘नाही’ हा शब्द नावात आहे, टेबलावर मी कधी ऐकला नाही. बैठकीच्या दोन दिवस आधी मी कॅलेंडरं साहेबांकडे नेली. ब्राइस ऑर्डवे माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. सभ्य माणूस, आवाज कधी चढला नाही त्याचा. त्याने सगळी पानं खरंच उलटली.

“मार्लिस, हे आणलंत, बरं केलंत. अंगावर काटा आला माझ्या.”

“म्हणून म्हणते, तिथे माणूस राहू दे.”

“उलट विचार करा. तीनशे अकरा वेळा आपण एका माणसाच्या डोळ्यांवर अवलंबून होतो आणि आपल्याला पत्ता नव्हता. त्याला एखाद्या दिवशी ताप असता तर? हाच तर धोका आहे. माणूस आहे म्हणून धोका आहे.”

“मग दोन माणसं ठेवा.”

“आणि दोघांनीही कळवलं नाही तर?”

तो खोटं बोलत नव्हता. त्याला ते तसंच दिसत होतं. त्याला तोडीस तोड उत्तर मला आज सुचतं, रोज सुचतं. पण बैल गेला आणि झोपा केला.

“त्याने कळवलं होतं,” मी म्हणाले. “मी अर्ज रद्द केला. जाकिटांसाठी. हे पण लिहा.”

ब्राइसने चष्मा काढला. “प्रामाणिकपणाबद्दल आभार,” तो म्हणाला आणि खरंच लिहिलं. नंतर मला त्याबद्दल एक दिवसाचं प्रशिक्षण मिळालं, दुपारच्या जेवणासकट.

रेनोला त्याच आठवड्यात घरी बसवलं. ‘सुरक्षेची माहिती सातत्याने दडवणे.’ दोन माणसं जाऊन त्याचं ओळखपत्र घेऊन आली, आणि कंपनीचं जाकीटही. दडवायला लावणारी मी, मला सँडविच. आणि तीनशे अकरा जणांना बाहेर काढणारा दोषी. चोर सोडून संन्याशाला सुळी. मी ब्राइसच्या खोलीत जाऊन ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा. त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला.

एकाहत्तराव्या धोक्याची शक्यता मात्र त्यांनी वाढवली, नाही असं नाही. एकाची दोन केली. पाच दुणे दहा. सहाच्या वर गेलं, चर्चा झाली, उपाय ठरला. नदीकाठी जिथे गाड्या लावतात तिथे एक मोठी पाटी: ‘पाणी अचानक वाढू शकते.’ पाटीवर खाली जागा उरत होती, म्हणून प्रसिद्धी खात्याने सुचवलं की लोकांना विश्वास वाटावा म्हणून तिथे अपघाताविना दिवसांचा आकडाही टाकू. पाटी लागल्यावर शक्यता परत एक झाली. पाच एके पाच.

बैठकीत मी बारा नावं वाचली. बारा वेळा ‘हो’ आलं. मग मी स्वतःचं नाव वाचलं आणि म्हणाले, “नाही.” कुणीतरी खोकलं. ब्राइस हळूच म्हणाला, “मार्लिस, तुम्हाला मत नाहीये.” बैठकीचा वृत्तांत मीच लिहायचे. त्यात मी ते ‘नाही’ लिहिलं. अंतिम प्रतीत ते नव्हतं.

मी सरकारी खात्यालाही पत्र लिहिलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं: सदर कंपनीची सुरक्षेची कामगिरी राज्यात उत्तम आहे. सोबत पुरावा म्हणून माझाच आकडा. मला हसू आलं आणि मग ते थांबेना, शेजारच्या मुलीने येऊन दार लावून घेतलं. वसंतात मी निवृत्त झाले. केक होता.

वर्षभराने घरी कंपनीचं वार्तापत्र आलं. ‘स्टर्जन बेंड: बिनमाणसाचं पहिलं वर्ष, एकही अपघात नाही.’ पडद्यापुढे बसणाऱ्या सहाजणांचा फोटो, सगळ्यांच्या अंगात नवी जाकिटं. मी ते दोनदा वाचलं. धरणाला अक्कल आली असेल, पण मासे मारणाऱ्यांना यायची नाही. मी रेनोला फोन केला.

“एकही नाही म्हणतात,” मी म्हणाले.

“नाहीच झाला.”

“कसा नाही झाला?”

मागे दूरवर पाण्याचा आवाज येत होता.

“रेनो, तुम्ही कुठून बोलताय?”

“खालून. साडेअकरा झालेत.”

घरी बसवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो जात होता. मासे मारायचे दिवस असले की साडेदहा ते दीड, काठावर, स्वतःची नारिंगी शिकारीची टोपी घालून, थर्मास घेऊन. कंपनीला पत्ता नव्हता. नवी कॅलेंडरं होती? होती. त्या वर्षाचे सतरा मासे झाले होते. त्याच्या सतरा माशांवर ते सहाजण फोटो काढून बसले होते. मला इतका संताप आला की मी फोनवर त्यालाच बोलले.

“कशाला जाता? एकदा होऊ दे काहीतरी! त्याशिवाय डोळे उघडणार नाहीत त्यांचे!”

“बाई,” तो शांतपणे म्हणाला, “ते एकदा म्हणजे कोण? नाव सांगा, त्याला नाही हाक मारत.”

मी वार्तापत्र टेबलावर पालथं ठेवलं.

“आणि आता तसंही अवघड झालंय,” तो पुढे म्हणाला. “खुबा गेलाय माझा. मेमध्ये बदलणार आहेत. सहा आठवडे पडून राहायचंय. बायको म्हणते देवावर सोडा.” मग थोडं थांबून, “तुला वेळ असतो का गं?” एवढ्या वर्षांत त्याने मला पहिल्यांदाच अगंतुगं केलं.

म्हणून मी आता इथे आहे. त्याच्या बहिणीची वरची खोली भाड्याने घेतलीय. चौसष्ट वर्षांची आहे मी, गुडघे कुरकुरतात, पोहता बेताचंच येतं. पहिल्या आठवड्यात कुणी ऐकेना, म्हणून मी ते जुनं जाकीट घालायला लागले, छातीवर ‘३०००’ असलेलं. जाकिटाचं ऐकतात. एकवीस दिवसांत चार मासे काढलेत कॅलेंडरवर. रेनो खाटेवर पडून रोज विचारतो आणि मी सांगते.

काल बेटामागे एक जोडपं होतं, गाडी विस्कॉन्सिनची. तो खडकाच्या पुढे, पार पाण्यात. ती थोडी अलीकडे, गुडघाभर पाण्यात. मी काठावरून हाका मारल्या. तिने वळून बघितलं. तो हसला.

“आजी, तुम्ही कंपनीच्या का?”

“नाही! पण बाहेर या, पाणी सोडतील आता!”

“जाकीट तर कंपनीचं दिसतंय.”

“बाहेर या आधी, मग जाकिटाचं सांगते!”

त्याने गळाच्या काठीने वर, गाड्यांपाशी लावलेल्या पाटीकडे दाखवलं. “ते वाचलंत का? चार हजार आठशे एकाहत्तर दिवस! इथे कधी काही होत नाही, आजी. उगाच घाबरवता.”

तो आकडा मी चार हजारांपलीकडे स्वतःच्या हाताने नेला होता. तो बरोबर वाचत होता, एक दिवसही चुकला नव्हता. तेवढ्यात भोंगा वाजला.

ती दचकली. त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. “बारा वाजले,” तो तिला म्हणाला, “सँडविच काढ.”

बाराला अजून दहा मिनिटं होती. मी थर्मास खाली ठेवला आणि बूट न काढताच पाण्यात उतरले.